विमलक्का आणि आजचा आकडा

मुलाने चुकीचं उत्तर दिलं की आनंदाने टेबलावर थाप मारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. थाप मुलासमोर नव्हे हं. मुलासमोर विमलक्कांचा चेहरा फोटो काढायला बसल्यासारखा. उत्तर बरोबर येवो की चूक, पापणी हलायची नाही. पण मूल आईचं बोट धरून फाटकाबाहेर गेलं रे गेलं, की त्या आतल्या खोलीत धावत यायच्या, उत्तरांचा कागद माझ्यापुढे टाकायच्या आणि थाप मारायच्या. "तडी, तडी, आधी हे वाच." तडी म्हणजे कानडीत थांब. मी थांबलेलीच असायचे. घाई सगळी त्यांची.

एकदा असंच एका सात वर्षांच्या मुलाला त्यांनी विचारलं होतं की सफरचंद आणि मोसंबं यांच्यात सारखं काय. दोन्ही फळं आहेत, एवढं म्हटलं की गुण मिळतात. हा पठ्ठ्या म्हणाला, दोन्ही दवाखान्यात नेतात. विमलक्कांनी त्याला नियमाने शून्य दिलं आणि पुढचा अर्धा तास त्या शून्याच्या कौतुकात घालवला. पोराचा आजोबा महिनाभर दवाखान्यात होता म्हणे. त्याने दोन वस्तूंतलं सारखेपण शोधलंच की नाही? शोधलं. आम्हाला हवं होतं ते शोधलं नाही, एवढंच. मी म्हटलं, मग एक गुण देऊन टाका. तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळातली घंटा चोरून आणायला सांगितलीय. शून्य म्हणजे शून्य. मात्र शून्याशेजारी त्यांनी बारीक अक्षरात ते उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. गुण नियमाने द्यायचे आणि अर्थ डोक्याने लावायचा, आणि या दोन कामांची गल्लत करायची नाही, हा त्यांचा पहिला धडा मला त्या दिवशी मिळाला.

गेल्या वर्षी विमलक्का गेल्या. धारवाडात त्यांना ओळखणारी माणसं पुष्कळ, पण त्यांच्याबद्दल सांगायला बसलं की सगळे त्यांच्या बुटांवरच घसरतात. इरकली साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नातसुद्धा तेच. लहान मुलांमागे पळावं लागतं, चपला उपयोगाच्या नाहीत, हे त्यांचं कारण. मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्या घेण्यात त्यांची सरकारी नोकरीतली तीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर धारवाडच्या कडेला केलगेरीच्या घरातल्या पुढच्या खोलीत त्यांनी तेच काम पुन्हा मांडलं. मी मानसशास्त्रात एम.ए. होऊन नुकतीच घरी बसले होते. वडील कोर्टात वकील, त्यांचं आणि विमलक्कांच्या भावाचं येणंजाणं. "घरात बसून काय करायलीस? ये की माझ्याकडं," असं त्यांनी आमच्या ओसरीवर उभ्या उभ्या म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी हजर झाले. अडीच वर्षं होते. घरी मराठी, शाळेत कानडी, पुस्तकं इंग्रजी, असं आम्हा सगळ्यांचंच असतं, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण माझ्या ताठ्याची होती. मला वाटायचं, मला सगळं येतं.

त्यांच्या खोलीत घड्याळ नव्हतं, पोरं त्याच्याकडे बघत बसतात म्हणून. स्टॉपवॉच मांडीवर, पदराखाली. चाचणी सकाळीच. मूल आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "नाष्टा काय केलास?" हा प्रेमाचा प्रश्न नव्हता, तपासणीचा होता. उपाशी आलेल्या पोराला आधी उप्पिट्टं. नाक गळत असेल तर चाचणी रद्द, पालक हुबळीहून आलेले असोत नाहीतर हावेरीहून. एक गृहस्थ फार चिडले, साधी सर्दी आहे, बुद्धीला काय होतंय म्हणाले. विमलक्का म्हणाल्या, "तुम्ही सर्दीत कोर्टाचा कागद वाचून सही करता का? मग तो का करेल?"

दर रविवारी त्या चाचणीचे लाल-पांढरे लाकडी ठोकळे साबणाने धुऊन अंगणात उन्हाला मांडायच्या. शेजारच्यांना वाटायचं, काहीतरी व्रत आहे. शंभर पोरांचे शेंबडे हात लागतात त्यांना, असं त्या सांगत. आणि प्रत्येक चाचणीच्या आधी स्वतः मुलाच्या खुर्चीत जाऊन बसत. साठी ओलांडलेली उंच बाई त्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसलेली बघून मला हसू यायचं. इथून काय दिसतंय ते बघते, म्हणायच्या. कधी खिडकीचं ऊन डोळ्यांवर यायचं, कधी बाहेर बांधलेली म्हैस दिसायची. मग टेबल फिरवायचं. मलाही त्यांनी हे करायला सांगितलं होतं. मी आठवडाभर केलं आणि सोडून दिलं.

बुद्ध्यांक हा शब्द त्या पालकांसमोर वापरत नसत. 'आजचा आकडा' म्हणत. आणि तोही शेवटी सांगत. आधी पालकांनी सांगायचं की काल दिवसभरात पोराने स्वतःहून काय काय केलं. गाडीला किक मारायची नक्कल केली, आजीच्या गोळ्या ओळखल्या, मांजराला कुलूप घातलं, काय असेल ते. हे सगळं त्या लिहून घेत आणि मग म्हणत, आता आकडा ऐका. तो असा ऐकायचा: तुमच्या मुलाच्या वयाच्या पुष्कळ मुलांनी ही कामं केली, त्यांच्या रांगेत तुमचं मूल आज सकाळी कुठं उभं राहिलं, तेवढंच हा सांगतो. चार घरं पुढं, चार घरं मागं होऊ शकतं. शब्दांच्या कामात पुढं आणि हातांच्या कामात मागं असं असेल, तर दोन्हीची सरासरी काढून बोलण्यात अर्थ नाही, दोन्ही वेगवेगळं बघायचं. आणि ताप किती आहे ते थर्मामीटर सांगतं, का आहे ते सांगत नाही. हे भाषण मी अडीच वर्षांत किती वेळा ऐकलं असेल देव जाणे, पण दर वेळी त्या अशा रंगून सांगत, जणू काल रात्रीच त्यांना ते सुचलं आहे.

अमरगोळच्या बाजारात कांद्याचा मोठा व्यापार असलेले एक सावकार होते. त्यांचा मुलगा खरंच तल्लख. आकडा एकशे चौतीस आला. विमलक्कांनी सगळं भाषण दिलं, सावकारांनी सगळ्याला मान डोलावली आणि चौथ्या दिवशी कुणीतरी विमलक्कांना फोनवर एक फोटो पाठवला. सावकारांच्या गाळ्यावर दहा फुटी फ्लेक्स. त्यावर सूट आणि काळा गॉगल घातलेलं ते नऊ वर्षांचं पोर, आजूबाजूला बारा शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, आणि खाली सोनेरी अक्षरात, बुद्ध्यांक १३४. मला हसू आवरेना. विमलक्का मात्र लढाईला निघाल्यासारख्या उठल्या आणि सावकारांना फोन लावला. मला वाटलं, आता झापणार. छे. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या की फ्लेक्स झकास झालाय, फक्त मजकूर अपुरा आहे, मी सांगते तो पुढं छापून घ्या, लिहायला कागद घ्या. आणि सांगू लागल्या. हा आकडा एका मंगळवारी सकाळी उप्पिट्टं खाल्ल्यावर आलेला आहे. तो एकशे अठ्ठावीस ते एकशे चाळीसच्या मध्ये कुठंही असू शकतो. हा मुलगा मित्राशी खरं बोलतो की नाही हे यात मोजलेलं नाही. हरल्यावर पुन्हा खेळायला उठतो की नाही हेही मोजलेलं नाही. तो सकाळी स्वतःहून दात घासत नाही असं त्याच्या आईने सांगितलेलं आहे. इथवर आल्यावर पलीकडून सावकारांचा आवाज बारीक झाला. संध्याकाळी फ्लेक्स उतरला. दिवाळीला त्यांच्याकडून कांद्याचं पोतं आलं, ते आम्ही गल्लीत वाटलं.

पण विमलक्का म्हणजे आकड्याची टर उडवणारी बाई, असं कुणाला वाटलं तर ते साफ खोटं. चाचण्यांची खिल्ली उडवणाऱ्यांवर त्या जास्त भडकत. हुबळीचं एक मराठी शिक्षक जोडपं आलं होतं, दोघंही सज्जन. मुलगा अकरा वर्षांचा, गोड, पण सगळ्यातच मागे. चार ठिकाणी चाचण्या झालेल्या, चारही ठिकाणी आकडा कमी, जवळपास सारखाच. त्यांना पाचव्या ठिकाणी वेगळा आकडा हवा होता. आत येताच वडिलांनी सुरुवात केली की या परीक्षांना काही अर्थ नसतो, खरं की नाही अक्का. विमलक्कांनी चारही कागद नीट वाचले. अर्धा तास. मग म्हणाल्या, "चार जणांनी सांगितलंय ते खरं आहे. मी पाचवी. आकडा बदलायला आला असाल तर चहा घ्या आणि जावा. त्याला काय जमतं, कसं शिकवायचं, ते बघायला आला असाल तर बसा." आई रडू लागली. विमलक्का तिच्याजवळ जाऊन बसल्या, पण शब्द मागे घेतला नाही. मला त्या क्षणी त्या कठोर वाटल्या. पुढे सहा महिने दर शनिवारी तो मुलगा येत राहिला. त्या त्याला एकेक गोष्ट बारा पायऱ्यांत मोडून शिकवत. एका शनिवारी तो हुबळीहून एकटा बसने आला, धारवाडात सुभाष रोडला उतरला, तिथून दुसरी बस पकडून केलगेरीला पोचला. फाटकात त्याला एकटा बघून विमलक्का ओरडल्याच. सगळी गल्ली बाहेर आली. मागच्या बसमधून लपत आलेले वडील रस्त्याच्या पलीकडे उभे होते आणि चष्मा पुसत होते. आकडा खरा मानल्याशिवाय हे झालं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

आता शेवंताची गोष्ट. हिच्यात मी आहे, आणि माझी बाजू काही भूषणावह नाही.

अळणावरच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेने आठ-दहा मुलं तपासायला बोलावलं होतं. विमलक्का तापाने झोपलेल्या. मी म्हटलं, मी एकटी जाते. दोन वर्षं होऊन गेली होती, मान ताठ होती. गेले, शाळेतल्या स्टोअररूममध्ये टेबल लावलं आणि दिवसभरात सगळी मुलं उरकली. त्यांत शेवंता होती. नऊ वर्षांची, तिसरीत, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या. घरी मराठी, आई-बाप भाताच्या शेतावर मजुरीला. प्रश्नांना ती फारसं बोललीच नाही. कानडीत विचारलं, मराठीत विचारलं, मान खाली. मग मी ठोकळे काढले. कार्डावरचं चित्र बघून लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचं तसंच चित्र मांडायचं, असं ते काम. पहिली दोन चित्रं सोपी, कुठूनही सारखी दिसणारी. ती बरोबर आली. पुढची तीन ओळीने चुकली. तीन चुकली की थांबायचं, असा नियम आहे. मी थांबले. आकडा इतका खाली आला की पुढचा मार्ग जवळजवळ ठरल्यासारखाच होता.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. एक शाळा, दोन शिक्षक, पाच वर्ग. मागे पडलेल्या पोरीला हुबळीच्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात जागा मिळतेय, तिथं तिची सोय होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं. अहवाल हातात आला की त्याच आठवड्यात शेवंताची रवानगी होणार होती. माझी सही झाली होती, विमलक्कांचा शिक्का तेवढा राहिला होता. तो घ्यायला ठरल्या दिवशी सकाळी शेवंता आणि तिची आई गंगव्वा पहिल्या बसने केलगेरीला आल्या. हेडमास्तर नंतर मोटारसायकलवर येणार होते. माझंही डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. म्हैसूरला नोकरी लागली होती, दुसऱ्याच दिवशी निघायचं होतं, आणि हे शेवटचं काम.

गंगव्वा ओसरीवर पायरीला टेकून बसली. खुर्ची दिली तरी बसेना. तिने मला एकच विचारलं, "बाई, हितनं धाडल्यावर पोरगी परत कवा येती?" मी म्हटलं, सुट्टीला येईल. ती मान हलवत राहिली. शेवंता तिच्या पदराला धरून अंगणातल्या जास्वंदीकडे बघत होती.

आत विमलक्का शिक्का शाईत बुडवून बसल्या होत्या आणि कागद वाचत होत्या. शिक्का हातात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला. मला विचारलं की वेळा बरोबर लिहिल्यात का. मी म्हटलं, हो, सेकंदासकट. त्या म्हणाल्या, चुकणारं पोर अडखळतं, उचलतं, ठेवतं, पुन्हा उचलतं. ही पोर हुशार पोरांपेक्षा लवकर मांडते आणि तरी चुकते, तीही दर वेळी तशीच. तिने मांडलेली चित्रं मी कागदावर उतरवून घेतली होती, हे एक पुण्य माझ्या नावावर. विमलक्कांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि उलटा फिरवला. तीनही चित्रं बरोबर होती.

थाप अशी बसली की शिक्क्याची शाई सांडली. "तडी, तडी, तडी. अगं, हिनं तुझ्या बाजूनं मांडलंय."

इथे थोडं सांगायला हवं. चाचणीत मी टेबलाच्या एका बाजूला, मूल समोरच्या. कार्ड मुलाकडे तोंड करून ठेवतात आणि मुलाने आपल्या बाजूने बघून मांडायचं असतं. घेणारीच्या सोयीसाठी आमच्या फॉर्मवर बरोबर उत्तर पलीकडून जसं दिसेल तसं, म्हणजे उलटं छापलेलं असतं. मी फॉर्मकडे बघत होते. फॉर्मशी जुळेना, म्हणून शून्य. मी नुसती समोर बघत असते, तर मला दिसलं असतं की कार्डावरचं चित्र माझ्यापुढे जसंच्या तसं, सरळ मांडलेलं आहे.

पण विमलक्कांना अजून खात्री नव्हती. उड्या मारून झाल्यावरही त्या खात्री करायच्या, हा त्यांचा गुण. त्यांनी स्वतः रंगवलेली वेगळी चित्रं काढली, आधी मला बजावलं की यातून कसलाही आकडा निघणार नाही, आणि शेवंताला आत बोलावून तिच्या शेजारीच खुर्ची ओढून बसल्या. भाकरी खाल्लीस का, कशाशी खाल्लीस, इथून सुरुवात. मग एक चित्र दाखवून मांड म्हणाल्या. पोरीने मान वर करून बघितलं, मी समोर बसले होते. तिने भराभर ठोकळे लावले, माझ्याकडे तोंड करून. विमलक्कांनी विचारलं, असं का गं ठेवलंस. ती पुटपुटली, "त्या बाई तिकडं बसल्यात न्हवं."

गंगव्वा दारातून बघत होती. तिने खुलासा केला. शेतावरचं काम नसेल तेव्हा ती आसपासच्या गावांत लग्नाच्या, जत्रेच्या पंगतींना वाढायला जाते. शेवंता पाच वर्षांची असल्यापासून बरोबर. तिच्याकडे मीठ, लोणचं, कोशिंबीर. पानाची डावी-उजवी बाजू बसणाऱ्याची, वाढणाऱ्याची नव्हे. मीठ चुकून आपल्या हिशेबाने वाढलं की हातावर फटका बसायचा. आणि वाढताना बोलायचं नाही, मान खाली. गंगव्वा घाबरून म्हणाली की बाई, तिला मीच तसं शिकवलंय, तिचा गुन्हा न्हाई.

मग विमलक्का शेवंताला म्हणाल्या, आता हे चित्र तुझ्यासाठी मांड, तुझं पान समज. तिला याचं हसूच आलं. स्वतःचं पान कोण मांडतं? पण मांडलं. बरोबर. दुसरं मांडलं, तिसरं मांडलं. मग मी जिथे थांबले होते त्याच्या पुढची अवघड चित्रं निघाली, नऊ-नऊ ठोकळ्यांची. शेवटचं तेवढं चुकलं. विमलक्कांच्या चेहऱ्यावरची पापणी अजूनही हलत नव्हती, पण टेबलाखाली त्यांचा कॅनव्हासचा बूट थयथय नाचत होता, तो मला दिसत होता.

हेडमास्तर आले ते घाईत. वसतिगृहाच्या अर्जावर आकडा लागतो, तेवढा द्या म्हणाले. विमलक्कांनी काहीच समजावलं नाही. त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, हातात शाळेतल्या चाचणीतलं चित्र दिलं, नीट बघायला सांगितलं. मग तेच चित्र शेवंतापुढे ठेवलं आणि तिला म्हणाल्या, मास्तरांसाठी मांड. पोरीने मांडलं. हेडमास्तरांनी बघितलं आणि कानडीत म्हणाले, "सरी अद अल्लरी." बरोबर आहे की. दुसरं मांडलं, तेही बरोबर. तिसरं बरोबर. मग विमलक्कांनी माझा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला आणि या तीन कामांपुढची तीन शून्यं बोटाने दाखवली. हेडमास्तर फॉर्म बघत राहिले, ठोकळे बघत राहिले, मग उठून शेवंताच्या बाजूला गेले आणि तिथून वाकून बघितलं. खूप वेळ वाकलेलेच होते. तीन वर्षं ही पोरगी त्यांच्या शाळेत होती.

मला वाटलं, विमलक्का आता ती शून्यं खोडतील. नाही खोडली. नियमाने शून्यच, म्हणाल्या, नियम मोडून दिलेला आकडा कुणाच्याच कामाचा नाही. त्याखाली त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं की हा आकडा या मुलीची कुवत म्हणून वाचू नये, का वाचू नये, आणि या कागदाच्या आधारे तिला शाळेतून हलवू नये. शिक्का मारला. हेडमास्तरांनी अर्ज चार घड्या करून खिशात घातला आणि तिचं नाव आमच्याच पटावर राहील म्हणाले. मग विमलक्का माझ्याकडे वळल्या. गंगव्वाला तू सांग. मी आतच बोलायला लागले तर म्हणाल्या, इथून नको, जवळ जाऊन.

मी पायरीवर गंगव्वाशेजारी बसले. "गंगव्वा, चूक माझी झाली. तुमच्या पोरीची नाही. ती कुठं जाणार नाही." मग तिने पदर तोंडावर ओढून घेतला आणि तिचे खांदे हलू लागले. शांत झाल्यावर तिने विमलक्कांना विचारलं की मग पोरगी लई शिकंल का. मला वाटलं, या आनंदाच्या घटकेला तरी त्या हो म्हणतील. "ते हा कागद सांगत नाही, आणि मलाही सांगता यायचं नाही. थांबवायचं कारण नाही, एवढं सांगते," असं म्हणून त्यांनी तिच्या हातात चहाचा कप दिला.

हेडमास्तर गेले. मायलेकी चहा-उप्पिट्टं घेऊन कोपऱ्यावरच्या बस थांब्याकडे गेल्या. आम्ही दोघी आत आलो. विमलक्का बोलत सुटल्या होत्या, आपण उद्यापासून टेबलच गोल करू, नाही, टेबलच काढून टाकू, आणि तू म्हैसूरला गेल्यावर तिथल्या लोकांना हे सांग. बोलता बोलता मध्येच थबकल्या.

"पोरीला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, आई सांगेल की. "आईला सांगितलं, मास्तरला सांगितलं, तुला सांगितलं. पोरीला कुणीच सांगितलं नाही," असं म्हणतच त्या फाटकाबाहेर पडल्या होत्या. मी मागून. पासष्ट वर्षांची बाई, इरकलीच्या निऱ्या एका हातात, केलगेरीच्या रस्त्यावर भर अकराच्या उन्हात पळते आहे आणि समोरून अळणावरची बस सुटते आहे. त्या सरळ बसच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला आणि अस्सल धारवाडी कानडीत काय म्हटलं ते इथे लिहिता यायचं नाही. विमलक्का दारातून आत चढल्या. मी धापा टाकत खिडकीखाली पोचले.

शेवंता खिडकीशी बसली होती. विमलक्का तिच्या सीटजवळ खाली बसल्या, त्यांचं तोंड तिच्या तोंडासमोर येईल अशा. म्हणाल्या, "शेवंता, त्या दिवशी शाळेत तू मांडलेलं सगळं बरोबर होतं. आमच्या बाईला बघता आलं नाही."

पोरीने खिडकीतून खाली माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. मग त्यांना म्हणाली, "म्या तवाच सांगणार हुते. पर बाई लिवत हुत्या."

विमलक्कांनी माझ्याकडे मान वळवली नाही, एवढी माया त्यांनी केली. कंडक्टरने घंटी मारली. बस हलली. मी खिडकीच्या दांडीवर हात मारत ओरडले, अक्का, उतरा. त्यांना ऐकूही गेलं नाही. गंगव्वाने सरकून जागा केली होती आणि त्या बसल्या होत्या. त्यानंतर फोनवर पुष्कळदा बोललो, पण भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचं बघितलं ते हे: बस वळणावर गेलेली, आणि मान खाली घालून बसणारी ती पोरगी दोन्ही हात हवेत नाचवत त्यांना काहीतरी सांगत होती, आणि त्या ऐकत होत्या.